दोन टीबीची डबी आणि देवाचे गोठणेचा सडा

प्रवासात चित्रीकरण करणाऱ्या आणि सोबत छोटा संगणक बाळगणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. निघायच्या तोंडावर स्वस्तात स्टोरेज मागवणार असाल तर आधी एवढं वाचा.

माझ्याकडे जीपीडी पॉकेट नावाचा छोटा संगणक आहे. सात इंची पडदा, वजन अर्ध्या किलोच्या आत, जॅकेटच्या खिशात मावतो. एसटीत मांडीवर उघडून काम करता येतं, म्हणून माझा त्याच्यावर फार जीव. अडचण एकच. आतली जागा 128 जीबी, त्यातली बरीचशी विंडोजनेच घेतलेली. माझा कॅमेरा फोर-के चित्रीकरणाला तासाला 45 जीबी खातो. मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातली कातळशिल्पं चित्रित करायला सहा दिवस जायचं ठरलं, तेव्हा एका ऑनलाइन दुकानावरून 2 टीबीची पोर्टेबल एसएसडी, म्हणजे बाहेरून जोडायची साठवणीची डिस्क, मागवली. किंमत 1,899 रुपये. नावाजलेल्या कंपनीची तेवढीच एसएसडी कितीतरी पट महाग असते, हे मला ठाऊक होतं. पण साडेचार तारे होते आणि खाली शेकडो लोकांनी 'मस्त आहे' असं लिहिलेलं होतं.

ती डबी निघायच्या दोन दिवस आधी आली. धातूची, हाताला जड. जोडली तर विंडोजने 1.95 टीबी दाखवली. मला बरं वाटलं. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं, कारण खरी 2 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 1.81 टीबी दिसते. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज 1024 च्या, त्यामुळे आकडा कमीच यायला हवा.

रोज रात्री लॉजवर मी कॅमेऱ्याचं कार्ड त्या डबीत उतरवायचो आणि सकाळी कार्ड फॉरमॅट करायचो. वेग सेकंदाला जेमतेम दहा एमबी. चाळीस जीबी उतरायला तास उलटून जायचा. संगणक लहान आहे, त्याचीच दमछाक होत असेल, असं मी धरून चाललो. पहिल्या रात्री दोन फायली उघडून बघितल्या, नीट चालल्या. पुढे फक्त फायलींची नावं आणि आकार जुळवत गेलो.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवसाची फाइल उघडली. नाव बरोबर, आकार 3.9 जीबी बरोबर, पडदा काळा. पुढची तशीच. त्याच्या पुढचीही. फायलीच्या आत डोकावलं तर नुसती शून्यं.

मग डबी चाकूने उघडली. आत 64 जीबीचं मेमरी कार्ड डिंकाने चिकटवलेलं आणि वजनासाठी एक लोखंडी पट्टी. त्या कार्डाला 'मी 2 टीबीचा आहे' असं खोटं सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा भरली तरी ते 'लिहून घेतलं' असंच सांगत राहतं आणि माल फेकून देतं. म्हणूनच तारे खोटे नसतानाही फसवतात. लोक डबी आल्या दिवशी आकडा बघून अभिप्राय लिहितात. ती भरून कुणी बघतच नाही.

नवीन डिस्क, पेनड्राइव्ह, कार्ड, काहीही असो, प्रवासाआधी पूर्ण भरून परत वाचून बघा. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्स-मॅकवर एफथ्री ही फुकट साधनं नेमकं हेच करतात. मोठ्या डिस्कला रात्रभर लागेल, लागू दे. आणि घरी पोचून दुसरी प्रत होईपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड पुसू नका, चार कार्डं जास्त घ्या. माझ्यासारखं पुसलंच असेल तर त्यावर पुढे काहीही लिहू नका. फोटोरेक नावाच्या फुकट साधनाने मला शेवटचा दिवस परत मिळाला.

परतीची मुदत सात दिवसांची होती, ती प्रवासातच संपली. दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याने पहिल्यांदा मुदतीवर बोट ठेवून नकार दिला. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे त्यांनी 48 तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. ते लिहून पाठवलं आणि ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली, तेव्हा पैसे आले. डबी उघडतानाचे फोटो कामाला आले.

पहिला दिवस, दुसऱ्याचा अर्धा आणि शेवटचा, एवढंच वाचलं. देवाचे गोठणे गावच्या सड्याचं, म्हणजे कातळाच्या उघड्या पठाराचं, चित्रीकरण गेलं. तिथे कातळावर होकायंत्र ठेवलं की काटा भलतीकडेच वळतो, ते जवळून टिपलं होतं. आणि त्याच सड्यावर गुरं राखत मोठे झालेल्या एका आजोबांचं बोलणंही गेलं. चित्राच्या रेषांवरून अनवाणी पाय फिरवत ते चाळीस मिनिटं बोलले होते, लहानपणी पोरं कुठल्या आकृतीला काय म्हणायची ते सांगत. कळलं तेव्हा पाऊस लागला होता आणि सड्यावर गवत उभं राहिलं होतं. आजोबा आता विरारला मुलाकडे असतात, गुडघ्यांमुळे सड्यावर चढणं होत नाही. परवा मुलाच्या फोनवरून त्यांनी विचारलं, 'माझं ते बोललेलं कधी दाखवतोस?'