इंजिन उतरवायचं की साइड कव्हर उघडायचं?

रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवायचा आणि सकाळी त्यावरचे तेलाचे डाग बघायचे, हा जुनी अ‍ॅम्बेसेडर बाळगणाऱ्याचा नित्यनेम. डाग पुढे असला तर फारसं कोणी मनावर घेत नाही. पण क्लच हाउसिंगच्या तळाच्या छिद्रातून थेंब पडायला लागला, की मिस्त्री ठरलेलं वाक्य बोलतो, "भाऊ, इंजिन उतरवा लागते, त्याशिवाय नाही जमत."

माझ्या १९६८ च्या मार्क २ साठी मी ते ऐकलं. आठवडाभर गाडी गॅरेजमध्ये पडून राहिली, मजुरी हजारांत गेली. घरी आणल्यावर तिसऱ्या सकाळी पुठ्ठ्यावर तोच डाग, त्याच जागी. गळत होतं ते मागचं साइड कव्हर, म्हणजे इंजिनच्या अंगावरचं पत्र्याचं झाकण. नागपुरात याच पेचात असलेल्यांनी पैसे काढण्याआधी दोन्ही पर्याय नीट तोलावेत.

आधी इंजिन उतरवण्याचं. या गाडीचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन मूळचं ब्रिटिश, बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजचं. तीन मेन बेअरिंगच्या त्या जुन्या रचनेत क्रँकच्या (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याच्या) मागच्या टोकाला, जिथे मिस्त्रीचा संशय असतो, आजच्यासारखं रबरी ऑइल सील नाहीच. तिथे क्रँकवर स्क्रूसारखे आटे असतात. क्रँक फिरतो तोवर ते तेलाला चेंबरकडे, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलटाकीकडे, परत ढकलतात. इंजिन थांबलं की ढकलणारं कोणी नाही, उरलंसुरलं टपकतं. सेमिनरी हिल्सच्या चढावर नाक वर करून गाडी उभी करून बघा, डाग मोठा दिसेल. तेव्हा मिस्त्री "नवीन सील टाकतो" म्हणाला तर विचारा, कुठलं सील? झिजलेलं बेअरिंग बदलून गळती कमी होते, पण ठणठणीत कोरडी होईल अशी हमी कोणी देऊ नये. ब्रिटनमध्ये या इंजिनांसाठी असल्या रबरी लिप सीलची किट मिळतात. ती बसवायलाही इंजिन बाहेर काढावंच लागतं.

साइड कव्हरचं प्रकरण अगदी साधं आहे आणि म्हणूनच कोणी तिकडे बघत नाही. इंजिनच्या डाव्या अंगाला, मॅनिफोल्डच्या (सिलिंडरला जोडलेल्या हवा-धुराच्या नळ्यांच्या) खाली पत्र्याची दोन झाकणं असतात, प्रत्येकाला मधोमध एकच बोल्ट. मध्ये कॉर्कचं पॅकिंग. वरून एक्झॉस्टची धग, त्यात आपल्याकडचा ४५ अंशांचा मे महिना. कॉर्क खाकऱ्यासारखा होतो. मागच्या झाकणातून झिरपलेलं तेल ब्लॉकवरून खाली येतं, चालत्या गाडीचा वारा त्याला मागे लोटतो आणि ते नेमकं क्लच हाउसिंगवर जाऊन जमतं. झाली क्रँकची बदनामी.

यावर "अजून एक पिळा मारा" हा उपाय सर्वांत वाईट. बोल्ट मधोमध असल्यामुळे जास्त आवळला की पत्रा मध्ये दबतो आणि कडा उचलल्या जातात. माझं कव्हर काचेवर पालथं ठेवलं तेव्हा दोन कोपऱ्यांखालून टॉर्चचा उजेड आरपार येत होता. लाकडी हातोडीने कडा सपाट केल्या, नवं पॅकिंग शेलॅकने फक्त पत्र्याच्या बाजूला चिकटवलं, ब्लॉककडची बाजू कोरडी ठेवली. दुकानात वर्षानुवर्षं पडलेलं कॉर्क आटलेलं निघालं तर थोडा वेळ पाण्यात भिजवावं, मापाला येतं. या कामात मॅनिफोल्ड सुटतो, त्याचंही पॅकिंग आधी आणून ठेवा. बाकी अर्ध्या दिवसाचं काम, सामान शेकड्यात.

मात्र याआधी ब्रीदर, म्हणजे इंजिनच्या आतली हवा बाहेर जायची वाट, बघा. त्याची नळी चोंदली असेल तर आतला दाब कुठून तरी वाट काढणारच आणि मग सोन्याचं पॅकिंग टाकलं तरी गळेल. इंजिन गरम असताना आयडलवर तेल भरायचं झाकण उघडा. नळी साफ असूनही तिथून भकाभका धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असण्याची शक्यता मोठी. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या. तेही कमी निघालं तर मिस्त्रीचं खरं. इंजिन उतरवा आणि मागच्या बेअरिंगचं कामही त्यातच उरका.

गळती शोधायला टाल्कम पावडर की डाय (यूव्ही उजेडात चमकणारा रंग)? दोन्हींच्या आधी इंजिन रॉकेलने किंवा डिझेलने स्वच्छ धुऊन पुसायचं. पावडर स्वस्त आहे, पण फॅन निम्मी उडवून देतो आणि मॅनिफोल्डखाली ती नीट बसतही नाही. मी डायच्या बाजूचा. तेलात मिसळायचा, वर्धा रोडवर एक चक्कर मारून यायचं आणि रात्री अंगणात यूव्ही टॉर्च मारायचा. हिरवट-पिवळी रेघ चमकते. ती खालून वर वाचायची. सर्वांत वरचा ओला बिंदू हाच चोर. कधी तो चक्क रॉकर कव्हरच निघतो, दोन नट आणि एक पॅकिंग.

काहीच न करता तेल टाकत राहणं? डिपस्टिकवरची पातळी आठवडेच्या आठवडे टिकत असेल, थेंब एक्झॉस्टवर पडत नसेल आणि क्लच घसरत नसेल तर खुशाल. तेल २०डब्ल्यू-५० ठेवा, पातळ नको.

"इसुझूचं १८०० सीसी इंजिनच बसवून टाका" असा सल्लाही मिळेल. गाडी रोजच्या वापराची असेल तर आरसीवर नोंद करून तसं करता येतं. पण २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल तर ती मूळ स्वरूपात असावी लागते. तेव्हा मी इंजिनला हात लावणार नाही. पुठ्ठ्यावर सकाळी रुपयाएवढा डाग पडतो, तो पडू दे.