सात दिवस थांबा म्हणाले, मी थांबलो

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी हिशेब बघतो. जुलै २०२४ मध्ये धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी माझ्याकडचे ०.६ इथर (इथेरियम या ब्लॉकचेनवरचं क्रिप्टो चलन) मोडायचे होते. तेव्हाच्या भावानं दीड लाखाच्या वर. ते लेअर टूवर पडून होते.

लेअर टू म्हणजे काय, हे मला कळत होतं. घात तिथंच झाला.

इथेरियमची मेन चेन तेव्हा सेकंदाला पंधराएक व्यवहार उरकायची. गर्दी झाली की फी चढते. २०२१ मध्ये साध्या अदलाबदलीलाही हजारो रुपये जायचे. लेअर टू शेकडो व्यवहार आपल्याकडे उरकतं आणि त्यांची एकच गाठ बांधून मेन चेनवर नोंदवतं. एकेका टॉवेलची वेगळी बिल्टी कोण फाडतो? मार्च २०२४ च्या इथेरियमच्या डेनकुन अपग्रेडनंतर तर लेअर टूवरची फी अगदीच किरकोळ झाली.

परत मेन चेनवर यायला मात्र वेळ लागतो. ऑप्टिमिस्टिक रोलअप या प्रकारच्या लेअर टूमध्ये गाठ बरोबर आहे असं धरून चालतात, आणि कुणाला खोट काढायची असेल तर साधारण सात दिवसांची मुदत असते. तोवर अधिकृत पुलावरून, म्हणजे ब्रिजवरून, पैसे सुटत नाहीत.

मी नेटवर ब्रिज शोधला आणि सगळ्यात वर आलेल्या जाहिरातीवर बोट ठेवलं. पान हुबेहूब तसंच. पत्त्यात एक अक्षर जास्त होतं, ते मी नंतर पाहिलं. वॉलेटनं विचारलं, अमुक पत्त्यावर ०.६ इथर पाठवू का? ब्रिज चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं, म्हणजे कॉन्ट्रॅक्टचं, नाव नाही, काही नाही, साधं ‘सेंड’. मी हो म्हटलं. लगेच पानावर घड्याळ सुरू झालं: ६ दिवस, २३ तास, ५९ मिनिटं.

रोज डबा खाताना मी ते घड्याळ बघायचो. शेंगाचटणीचं बोट पुसून पान रिफ्रेश करायचो. आकडा कमी होत होता, म्हणजे सगळं सुरळीत!

सातव्या दिवशी ‘क्लेम’साठी ०.०२ इथर गॅस, म्हणजे व्यवहाराची फी, मागितला. खऱ्या ब्रिजवरही शेवटी मेन चेनचा गॅस लागतो, हे मी वाचलं होतं. पण तो आपल्याच वॉलेटमधून कापला जातो. कुणाच्या पत्त्यावर पाठवावा लागत नाही. मी पाठवला. साडेपाच हजार अजून गेले.

नवव्या दिवशी पुण्याच्या भाच्याला फोन केला. त्यानं एक्सप्लोररवर, म्हणजे चेनवरचे सगळे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर, माझा पत्ता टाकला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “मामा, पहिल्याच दिवशी गेलेत. चार मिनिटांत पुढच्या पत्त्यावर.” ब्रिजशी त्या पैशांचा संबंधच आला नव्हता. एरवी मी दुसऱ्या दिवशीच बोंब मारली असती. त्या खऱ्या नियमानं मला आठवडाभर गप्प बसवलं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर नोंदवली. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढं कुठं अडवता येण्याची थोडी तरी आशा असते. मी नऊ दिवस घालवले होते. ब्रिजचा पत्ता प्रकल्पाच्या अधिकृत कागदपत्रांतूनच घ्या, आधी शंभर-दोनशे रुपयांचं पाठवून बघा, आणि व्यवहार कुठं पोचला ते त्याच दिवशी एक्सप्लोररवर तपासा.

अण्णांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, “पूल म्हणजे कुठला रे?”

हॉलचे उरलेले पैसे पतसंस्थेतून काढले. तिथं दोन जामीनदार मागितले.