डिस्कस मासे आणायच्या आधी पाणी तपासायचं हे थेंबवालं टेस्ट किट घ्याच
लातूरला राहतो, घरी चार फुटी टाकी आहे, अडीचशे लिटरची. मागच्या वर्षी एका दुकानदारानं सांगितलं आज पाणी भरा उद्या मासे सोडा, मी सोडले, आणि आठ दिवसात सहापैकी चार डिस्कस गेले. काळे पडून कोपऱ्यात उभे राहायचे, खायचे नाहीत. पाणी मात्र काचेसारखं नितळ होतं म्हणून कळलंच नाही काय चुकलं. लई वाईट वाटलं.

मग हे किट मागवलं. पीएच (पाणी आम्ल की अल्कली), अन् माशांच्या घाणीतून, उरलेल्या खाण्यातून होणारे अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट एवढं बघता येतं. अमोनियाला पाच मिली पाणी घ्यायचं, पहिल्या बाटलीचे आठ थेंब, दुसरीचे आठ, हलवून पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर शून्य. माझं गडद हिरवं आलं! आमचं बोअरचं पाणी जड, पीएच आठच्या वर, त्यात डिस्कसला २८ ते ३० डिग्री गरम पाणी लागतं, अशा पाण्यात अमोनिया जास्तच विषारी होतो हे मला तेव्हा समजलं.

यावेळी मासे न सोडता फिल्टर चालू ठेवला, रोज चिमूटभर खाणं टाकलं अन् थांबलो. खाणं कुजून आधी अमोनिया चढला, मग फिल्टरमधल्या जंतूंनी त्याचं नायट्राइट केलं, त्याची नळी जांभळी झाली, सहाव्या आठवड्यात ती आकाशी झाली म्हणजे शून्य. बोअरच्या पाण्यात अर्धं आरओचं मिसळलं. मग पहिल्यांदा पंधरा कार्डिनल टेट्रा आणि सहा स्टर्बाय कोरी हे छोटे मासे सोडले, कारण हे गरम पाणी सहन करतात, निऑन टेट्राला आणि गोल्डफिशला ते जमत नाही. प्लेको (काचेला चिकटणारा मासा) घेतलाच नाही, काही प्लेको डिस्कसच्या अंगाला चिकटून वरचा चिकट थर खातात. दुसऱ्याच आठवड्यात अमोनियाच्या नळीत हलकी हिरवी छटा दिसली, लगेच खाणं निम्मं केलं, पाव टाकी पाणी बदललं, तीन दिवसात परत पिवळं. डिस्कस महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवून मगच आत घेतले, सहाच्या सहा, आता हातातून खायलेत.

अजून एक, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे आमचं, उगाच बादल्या ओतणं जीवावर येतं. किटमुळे कधी बदलायचं ते नेमकं कळतं, निघालेलं पाणी कढीपत्त्याला जातं.

कमी काय म्हणाल तर पाण्याचा जडपणा यात मोजता येत नाही, ते वेगळं घ्यावं लागतं. अन् नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवाच, तळाला बसतं ते, मी सुरुवातीला हलवली नाही आणि आकडा कमी आला. रंग दिवसाउजेडी पांढऱ्या कागदावर बघा, ट्यूबलाइटखाली फसायला होतं.

अमोनियाच्या बाटल्या संपत आल्यात, परत हेच मागवणार.