ट्रॅक्शन द्यायचं की नाही, हे आधी तपासणारं क्लिनिक

कंबरदुखीचा पेशंट आला की पट्टे बांधून ट्रॅक्शनच्या, म्हणजे कंबर ताणून ओढण्याच्या मशीनच्या, टेबलावर आडवा करायचा, हा प्रकार सर्रास चालतो. सांगलीत विश्रामबागच्या या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये तसं होत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. आमच्या घरातून आम्ही दोघं इथे गेलो. मला ट्रॅक्शन दिलं, माझ्या चुलत दिराला स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. दोन्ही वेळा कारण नीट समजावलं.

मी बँकेत काउंटरला बसते, वय ४६. डाव्या कुल्ल्यातून पोटरीकडे कळ जायची. मॅडमनी एमआरआय पाहून बाजूला ठेवला आणि मला पालथं झोपवलं. "ताई, हातांवर जोर देऊन छाती उचला, कंबर सैल सोडा. आता दुखतंय कुठं ते बोटानं दाखवा." दर वेळी छाती उचलली की कळ कुल्ल्यातून पोटरीत उतरायची. मग उताणं झोपवून माझा चांगला, उजवा पाय सरळ वर उचलला, तर कळ आली डाव्या पायात! फिजिओथेरपीच्या संशोधक ज्युली फ्रिट्झ यांच्या गटाने २००७ साली अमेरिकेत ६४ पेशंटांवर केलेल्या अभ्यासात यांपैकी एखादं लक्षण असणाऱ्यांना ट्रॅक्शनचा जास्त फायदा दिसला होता, असं मॅडमनी सांगितलं.

त्यानंतर टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, पायाच्या अंगठ्याची ताकद पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारली. कामाने दुखणं वाढेल अशी भीती वाटते का, याची एक प्रश्नावलीही भरून घेतली. ती कशाला, असं मला वाटलंच. पण सिंगापूरच्या २००९ च्या अभ्यासात १२९ पैकी फक्त २५ जणांना ट्रॅक्शनने चांगला फरक पडला होता, आणि त्यांच्यात चार गोष्टी ठळक दिसल्या: कामाची भीती कमी, नसेची कमजोरी नाही, वय तिशीपुढे, काम अंगमेहनतीचं नाही. चारही असतील तर फरक पडण्याची शक्यता ६९ टक्क्यांपर्यंत जाते.

मला सगळ्यात भावलं ते पुढचं बोलणं. फ्रिट्झ यांच्याच गटाने नंतर १२० पेशंटांवर हा अंदाज पुन्हा तपासला. २०१६ साली आलेल्या निकालात ट्रॅक्शन जोडल्याने व्यायामापेक्षा जास्त फायदा दिसला नाही, ती लक्षणं असणाऱ्यांनाही नाही. उपचार कसे करावेत याच्या शिफारशी देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने तर त्याच वर्षी कंबरदुखीला ट्रॅक्शन देऊच नका म्हटलं. हे सगळं पैसे घेण्याआधी सांगितलं! "थोड्या बैठका करून बघू. कळ पायातून वर कंबरेकडे सरकली नाही तर बंद." पॅकेजचा विषयच काढला नाही.

टेबल दोन भागांत सरकणारं आहे. टेबल अखंड असेल तर वजनाच्या चौथ्या हिश्श्याएवढी ओढ नुसत्या घर्षणात जाते, कंबरेपर्यंत पोचतच नाही. माझं वजन ६४ किलो, सुरुवात २० किलोच्या ओढीने केली. पट्टा बरगड्यांना काचला तर लगेच थांबवून खाली टॉवेल घातला. हळूहळू पोटरीतली कळ वर सरकून कंबरेपाशी आली. सोबत व्यायाम चालू होतेच, त्यामुळे सगळं श्रेय मी मशीनला देणार नाही.

दीर २९ वर्षांचा, मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतो. दुसऱ्या एका ठिकाणी त्याला तपासणी न करताच ट्रॅक्शनचं पॅकेज दिलं होतं. इथे मॅडमनी चालताना पाहिलं आणि विचारलं, "दादा, चप्पल पायातून निसटते का?" निसटत होती. अंगठा वर उचलायला ताकदच नव्हती, म्हणजे नसेची कमजोरी. त्यांनी ट्रॅक्शनला हात न लावता त्याच दिवशी स्पाइन सर्जनना चिठ्ठी लिहून दिली. लघवीवरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मधे बधिरपणा आला तर रात्र असली तरी सरळ हॉस्पिटल गाठायचं, हे त्याच्या बायकोलाही बसवून सांगितलं.

तक्रार एकच: क्लिनिक पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना अरुंद. कंबर धरलेल्या माणसाला हे फार जड जातं. खाली एखादी खोली घ्यावी ही मनापासून विनंती. संध्याकाळी गर्दी असते, सकाळची वेळ घ्या. पहिल्या भेटीला तासभर काढा आणि पायजमा किंवा सैल सलवार घालून जा, नाहीतर पाय उचलून तपासणी नीट होत नाही.