विंडोज, लिनक्स, मॅक: थ्रेडसाठी लॉक कुठलं घ्यावं?

मिरकरवाड्याच्या जेटीवर वजनकाट्याचे आकडे टिपणारा लिनक्सचा छोटा बोर्ड, रत्नागिरीतल्या ऑफिसात हिशेबाला विंडोज आणि कोड लिहिणाऱ्याकडे मॅक. असा तिहेरी संसार मांडणाऱ्यांसाठी हा आढावा. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी कामं; दोघांनी एकदम एकाच माहितीला हात घालू नये म्हणून लॉक.

कोड सी प्लस प्लसमध्ये असेल तर फार खल नको. सी प्लस प्लस ११ पासून स्टँडर्ड लायब्ररीतच म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारं लॉक) आहे; ते लॉक गार्डसोबत वापरा. फंक्शन मध्येच परतलं किंवा एक्सेप्शन (चालताना उद्भवलेली चूक) आलं तरी लॉक आपोआप सुटतं. फक्त व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ ची १७.१० किंवा पुढची आवृत्ती वापरत असाल तर इन्स्टॉलरमध्ये नवं रनटाइम (प्रोग्राम चालायला लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररी) द्या. जुन्या रनटाइमच्या पीसीवर प्रोग्राम पहिल्याच लॉकला कोसळू शकतो.

कोड सीमध्ये असेल तर मात्र घोळ आहे. पीथ्रेड, म्हणजे युनिक्स पद्धतीची थ्रेडची सोय, लिनक्स आणि मॅकवर आयता मिळतो, विंडोजवर नाही. सी ११ मधले थ्रेड कागदावर छान दिसतात, पण ते ऐच्छिक आहेत. लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत, ग्लिबसीत, ते २०१८ साली २.२८ मध्ये आले, मॅकवर नाहीतच. मग लॉक, अनलॉक वगैरे चार फंक्शनांचा स्वतःचा पातळ थर लिहिणं बरं.

त्या थराखाली विंडोजच्या बाजूला बहुतेक जण क्रिटिकल सेक्शन हे विंडोजचं स्वतःचं लॉक घालतात. मला ते पटत नाही. तोच थ्रेड तेच लॉक दुसऱ्यांदा मागायला आला तर क्रिटिकल सेक्शन मुकाट देतं; लिनक्सवरचं साधं पीथ्रेड म्युटेक्स तिथेच अडकून बसतं. म्हणजे ऑफिसात सुरळीत चाललेला कोड जेटीवर, तोही ऐन मासळीच्या लिलावात, गप्प होणार. त्यापेक्षा विंडोज व्हिस्टापासून आलेलं एसआरडब्ल्यू (स्लिम रीडर/रायटर) लॉक घ्या. तेही दुसऱ्यांदा मिळत नाही, त्यामुळे चूक तुमच्याच टेबलावर सापडते. शिवाय ते पॉइंटरएवढंच (मेमरीतल्या एका पत्त्याएवढंच) असतं आणि शेवटी मोडावं लागत नाही. ठरावीक वेळच थांबणारं लॉक या थरात घेऊ नका. मॅकच्या पीथ्रेडमध्ये ती सोय नाही.

दोन वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, लॉक हवं असेल तर यातलं एसआरडब्ल्यू किंवा क्रिटिकल सेक्शन चालणार नाही. विंडोजचं नाव दिलेलं म्युटेक्स धरणारी प्रोसेस मेली, तर पुढच्याला तसं कळतं; लिनक्सवर त्यासाठी रोबस्ट म्युटेक्स लागतं, मॅकवर ते नाही. इथे मी लॉकचा नाद सोडून आकडे सरळ एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसमध्ये टाकेन. प्रत्येक सिस्टीमवरची फाइल-लॉकिंगची उठाठेव ते स्वतः करतं.