पारदर्शक रिटेनर आठ महिने वापरल्यानंतर: ऊन, कोरडे तोंड आणि एक काळी डबी

दातांच्या तारा काढल्यावर मिळालेला पारदर्शक रिटेनर, म्हणजे सरळ केलेले दात जागेवर धरून ठेवणारे प्लास्टिकचे आवरण, मी गेले आठ महिने वापरते आहे. चौथ्या महिन्याच्या अखेरीस, भर उन्हाळ्यात, त्याच्या वरच्या भागाचा आकार बिघडला नसता तर हा अनुभव मी बहुधा लिहिलाच नसता, कारण तोपर्यंत माझी काहीही तक्रार नव्हती. बोलताना अडखळणे पहिल्या आठवड्यातच थांबले होते आणि तारांच्या तुलनेत दात घासणे तर फारच सोपे झाले होते.

त्या दुपारी मी गाडीतच जेवण आटोपले. जेवणासाठी काढलेला रिटेनर सांगितल्याप्रमाणे डबीत ठेवला, डबी डॅशबोर्डवर ठेवली आणि दीड तासाच्या कामासाठी उतरून गेले. परत येऊन तो बसवायला घेतला, तेव्हा पुढचे दात नीट बसले, पण उजव्या बाजूची शेवटची दाढ आणि प्लास्टिक यांच्यात फट राहिली. बोटाने दाबले की ती मिटत असे आणि बोट काढले की पुन्हा उघडत असे. तरीही सवयीने बसेल या आशेने मी तो दोन रात्री तसाच घातला. ही माझी चूक होती, कारण वाकलेला रिटेनर दातांना जागेवर धरून ठेवण्याऐवजी चुकीच्या दिशेने ढकलू शकतो.

दवाखान्यात मला पहिला प्रश्न विचारला गेला तो गरम पाण्याचा. गरम पाण्याने कधीच धुतला नाही, असे सांगितल्यावर गाडीचा विषय निघाला आणि उष्णतेने बिघडलेला रिटेनर बदलून मिळत नाही, असे उत्तर मिळाले. घरी येऊन मी सूचनापत्रक दोन्ही बाजूंनी वाचले. त्यात गरम पाणी वापरू नये, उकळू नये आणि रिटेनर रुमालात गुंडाळून ठेवू नये, असे स्पष्ट लिहिले होते. परंतु ऊन किंवा बंद वाहन यांचा कुठेही उल्लेख नव्हता. पुढच्या भेटीत मी ते पत्रक समोर ठेवले, तरी निर्णय बदलला नाही आणि नव्या रिटेनरचे पूर्ण पैसे मला भरावे लागले. जी सूचना मुळात दिलीच नाही, ती पाळली नाही म्हणून रुग्णाकडून भुर्दंड घेणे मला आजही अन्यायाचे वाटते.

प्रारंभी मी सारा दोष प्लास्टिकला दिला होता, तो मात्र मागे घ्यावा लागतो. असे रिटेनर प्लास्टिकचा पातळ पत्रा तापवून, मऊ करून दातांच्या साच्यावर दाबून घडवतात. म्हणजे उष्णतेने मऊ होणे हा त्याचा दोष नसून त्याच गुणामुळे तो घडतो. या कामी पुष्कळदा वापरले जाणारे पीईटीजी हे प्लास्टिक सुमारे 80 अंश सेल्सिअसला आपला कडकपणा सोडते, आणि कडक उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड 70 अंशांच्या पुढे जाऊ शकतो. दोन आकड्यांमधले अंतर इतके थोडे असताना, मिलिमीटरभर जाडीच्या आणि घडवताना ताण पडलेल्या वस्तूने आकार सोडला यात नवल नाही.

म्हणूनच माझा खरा राग त्या डबीवर आहे, आणि त्याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे. रिटेनरसोबत मिळालेली डबी काळी कुळकुळीत आहे. गडद रंग ऊन अधिक शोषून घेतो हे आपण शाळेत शिकतो, तरीही उष्णतेने बिघडणारी वस्तू ठेवण्यासाठी नेमका तोच रंग निवडला गेला आहे. शिवाय तिला हवेसाठी एकही छिद्र नाही, त्यामुळे ओला रिटेनर आत ठेवला की तो तासन् तास ओलाच राहतो आणि झाकण उघडताच कुबट वास येतो. मी ती डबी आणि घरातली एक पांढरी डबी खिडकीत उन्हामध्ये तासभर शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. काळी हातात धरवत नव्हती, पांढरी जेमतेम कोमट झाली होती. अर्थात बंद गाडीत आतली हवाच तापत असल्याने पांढरी डबीही रिटेनरला वाचवील असे मी म्हणणार नाही. परंतु खिडकीत, बाकावर किंवा पिशवीच्या वरच्या कप्प्यात होणारा फरक लहान नाही, आणि तो केवळ रंग बदलून टळला असता. आता मी छिद्रे असलेली पांढरी डबी वापरते, ती पिशवीच्या तळाशी पाण्याच्या बाटलीला लागून ठेवते आणि गाडीत कधीही सोडत नाही.

नवा रिटेनर हाती येईपर्यंत जवळजवळ तीन आठवडे गेले. दवाखान्याने दातांचा जुना साचा जपून ठेवला होता, त्यामुळे पुन्हा माप द्यावे लागले नाही. मात्र तेवढ्या काळात दात किंचित सरकले असावेत, कारण नवा रिटेनर पहिले चार दिवस चांगलाच घट्ट बसत होता. तारा काढल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत दात जुन्या जागी परतण्याची ओढ सर्वाधिक असते, म्हणून या तीन आठवड्यांची मला पैशांहून अधिक काळजी वाटली. एकाच साच्यावरून दोन जोड्या एकदम करून घेतल्यास दुसरी बरीच स्वस्त पडते, हे मला याच वेळी समजले. पहिल्याच दिवशी कोणी सांगितले असते तर मी तेव्हाच दोन घेतल्या असत्या.

सहाव्या महिन्यात माझे मत आणखी एकदा बदलले. दातांची सफाई करताना दंतवैद्यांनी डाव्या सुळ्यावर, हिरडीलगत, एक खडूसारखा पांढरा डाग दाखवला. दातावरच्या आवरणातून खनिजे निघून जाऊ लागल्याची ती खूण होती. रिटेनर दातांचे रक्षण करतो, अशी माझी तोवर समजूत होती. प्रत्यक्षात तो लाळेलाही दातांपासून दूर ठेवतो. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती आम्लता कमी करते आणि कॅल्शियम व फॉस्फेट दाताला परत पुरवते. उन्हाळ्यात घामावाटे पाणी गेले आणि ते भरून निघाले नाही की लाळ घटते, तोंड चिकट होते, आणि त्यावर प्लास्टिकचे आवरण असेल तर जी थोडी लाळ आहे तीही दातापर्यंत नीट पोहोचत नाही.

त्यात मी एक मोठी चूक करत होते. उन्हातून आल्यावर रिटेनर न काढताच मी गोड, आंबट थंड पेये घोट घोट पीत असे. दाताजवळची आम्लता वाढून पीएच (आम्लतेचे माप, जितके कमी तितकी आम्लता जास्त) सुमारे 5.5 च्या खाली गेला की दातावरचे आवरण विरघळू लागते, आणि अशा बहुतेक पेयांचा पीएच त्याहून बराच कमी असतो. ते पेय रिटेनरच्या आत शिरून दाताला चिकटून राहते आणि लाळ त्याला धुऊन काढू शकत नाही. हा धोका सूचनापत्रकातल्या सर्वांत ठळक ओळीत असायला हवा होता. आता रिटेनर तोंडात असताना मी साध्या पाण्याखेरीज काहीही पीत नाही. दुसरे काही प्यायचे असल्यास तो काढते, नंतर चूळ भरते आणि आंबट पेयानंतर किमान अर्धा तास दात घासत नाही, कारण मऊ पडलेले आवरण ब्रशने अधिक झिजते. रात्री फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासल्यावर केवळ थुंकते, पाण्याने खळखळून धूत नाही. तोंड अधिक कोरडे पडू नये म्हणून अल्कोहोल असलेले माउथवॉशही बंद केले आहे.

स्वच्छतेबाबत फारसे सांगण्यासारखे नाही. साधे थंड पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. टूथपेस्टने मात्र प्लास्टिकवर बारीक चरे पडतात आणि त्यांत घाण साचते. ओठांबद्दल एक गोष्ट नमूद करते. रिटेनर काढता-घालताना माझे कोरडे ओठ फुटत, आणि मी ते जिभेने ओले करत असे, ज्यामुळे ते आणखी सुकत. खालच्या ओठावर ऊन थेट पडते आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने तिथली त्वचा कायमची बिघडू शकते, म्हणून मी एसपीएफ 30 चा लिप बाम दर दोन तासांनी लावते. रिटेनरला हात लावण्यापूर्वी बोटे धुते, इतकेच.

आठव्या महिन्याअखेर नवा रिटेनर शेवटच्या दाढेवर फट न राहता बसतो आणि मी तो आता केवळ रात्री घालते. सुळ्यावरचा डाग गेलेला नाही, पण दोन महिन्यांत वाढलेलाही नाही. दुसरी जोडी कपाटात, सावलीत, पांढऱ्या डबीत आहे. काळी डबी मी दवाखान्यात परत नेऊन दिली आणि सूचनापत्रकात उन्हाची व बंद वाहनाची ओळ घालावी, असा लेखी अर्ज तिच्यासोबत दिला. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.