फंक्शन आणि पॅरामीटर शिकायचे आहेत : आधी सी घ्यावी की पायथन?

व्हेरिएबल, इफ-एल्स, लूप इथपर्यंत सी घ्या नाहीतर पायथन, फारसं अडत नाही. फरक जाणवायला लागतो तो फंक्शनपासून, म्हणजे एखादं काम करून देणाऱ्या, नाव दिलेल्या कोडच्या तुकड्यापासून. डिप्लोमा, बीसीए किंवा इंजिनिअरिंगला निघालेल्यांना, आणि नोकरी सांभाळून कोडिंग शिकणाऱ्यांनाही, 'आधी कोणती?' हा प्रश्न इथेच पडतो. आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो. कामाचे तुकडे पाडून फंक्शन लिहायची सवय लावायची असेल तर पायथन. पॅरामीटर, म्हणजे फंक्शनला कामासाठी द्यायची किंमत, पास केला की मेमरीत नेमकं काय घडलं, हे पक्कं करायचं असेल तर सी. दोन्ही लागतात, क्रम कसा ठरवायचा एवढंच पाहायचं आहे.

एकच फंक्शन, दोन्हीकडे

चक्रवाढ व्याजाचं उदाहरण घेऊ. मुद्दल, दर आणि वर्षं हे तीन पॅरामीटर, आणि परत यायची ती एकूण रक्कम.

सीमध्ये लिहायला बसण्याआधी चार गोष्टी ठरवाव्या लागतात : मुद्दल डबल (दशांश संख्या), दर डबल, वर्षं इंट (पूर्णांक) आणि उत्तर डबल. मग मेनच्या (प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या फंक्शनच्या) वर प्रोटोटाइप, म्हणजे फंक्शनची आगाऊ एका ओळीत ओळख, त्याच्या शेवटी सेमीकोलन. मेनच्या खाली व्याख्या, म्हणजे पूर्ण फंक्शन, पण तिच्या पहिल्या ओळीला सेमीकोलन नाही. ही गल्लत पहिल्या आठवड्यात हमखास होते. प्रोटोटाइपच विसरला तर जुना कंपायलर (कोड तपासून मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) गृहीत धरतो की फंक्शन इंट परत देणार. पुढे व्याख्येत डबल दिसलं की 'कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स' म्हणून अडतो, आणि बोट दाखवतो ते व्याख्येच्या ओळीकडे. चूक असते वर, आणि शिकणारा खालची बरोबर लिहिलेली व्याख्या खोडत बसतो. जीसीसी या सीच्या कंपायलरच्या २०२४ मध्ये आलेल्या १४ व्या आवृत्तीपासून असा प्रोटोटाइपशिवायचा कॉल (फंक्शनला बोलावणं) मुळातच एरर ठरतो. म्हणून सी शिकायची तर कंपायलर नवा घ्या आणि 'ऑल वॉर्निंग्ज'चा पर्याय पहिल्या दिवसापासून चालू ठेवा.

पायथनमध्ये डेफ, फंक्शनचं नाव, कंसात तीन पॅरामीटर, कोलन; पुढच्या ओळी चार स्पेस आत; शेवटी रिटर्न. झालं. पायथन ३ मध्ये नावं देवनागरीतही चालतात, त्यामुळे सरावासाठी फंक्शनला चक्रवाढ आणि पॅरामीटरला मुद्दल, दर, वर्षे अशी नावं खुशाल द्या. डेफ, रिटर्न हे शब्द आणि आकडे मात्र रोमन कीबोर्डवरचेच लागतात. परीक्षेत आणि टीममध्ये काम करताना नावंही रोमन ठेवावीत.

टाइपचा जाच आणि टाइपचा आधार

सीमध्ये दर हा पॅरामीटर इंट घेतला आणि आत दर भागिले १०० असं लिहिलं, तर ८ भागिले १०० चं उत्तर शून्य येतं. दहा हजाराचे तीन वर्षांनीही दहा हजारच. प्रोग्राम चालतो, एरर नाही, उत्तर चूक. पॅरामीटर डबल घोषित केला असेल तर ८ पाठवले तरी आत ८.० पोचतात आणि भानगड मिटते. काही कॉलेजांच्या लॅबमध्ये अजून टर्बो सी हा जुना कंपायलर असतो. त्यात इंट दोन बाइटचा, म्हणजे कमाल ३२७६७. तिथे सरळव्याजासाठी १०००० गुणिले ८ गुणिले ३ भागिले १०० हे सगळं इंटमध्ये केलं, तर २४०० ऐवजी उणे २२१ हाती येतात, कारण गुणाकार दोन बाइटांत मावतच नाही.

पायथन ३ मध्ये या दोन्ही कटकटी नाहीत. भागाकार दशांशात येतो, पूर्णांक हवा तेवढा मोठा होतो. पण तिथला खड्डा वेगळा आहे. इनपुटने घेतलेली किंमत स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असते, आणि पॅरामीटरला टाइप नसल्यामुळे ती बिनबोभाट फंक्शनच्या आत शिरते. ८ ही स्ट्रिंग ३ ने गुणली की उत्तर येतं ८८८. उपाय सोपा : इनपुट घेतानाच इंट किंवा फ्लोटमध्ये (दशांश संख्येत) बदलून घ्यायचं आणि मगच फंक्शनला द्यायचं. फंक्शनच्या आत इनपुट घ्यायचं नाही. तसं केलं की ते फंक्शन दुसरीकडे वापरता येत नाही आणि पॅरामीटर कशासाठी असतात हेही कळत नाही.

क्रम चुकला तर

सरळव्याजाच्या फंक्शनला दर ८ आणि वर्षं ३ ऐवजी दर ३ आणि वर्षं ८ पाठवा. उत्तर तेच, २४००. गुणाकारात क्रम बदलला तरी काही बिघडत नाही. म्हणून पॅरामीटरचा क्रम शिकवायला हे उदाहरण कुचकामी आहे, तरी वह्यांमध्ये तेच सर्वाधिक दिसतं. चक्रवाढ घेतलं की चूक लगेच उघडी पडते : बरोबर क्रमाने १२५९७.१२ रुपये, उलट्या क्रमाने १२६६७.७०.

सीमध्ये यावर उपाय नाही. इंट आणि डबल एकमेकांत आपोआप बदलतात, कंपायलर गप्प बसतो, क्रम तुम्हीच सांभाळायचा. पायथनमध्ये कॉल करतानाच नाव देता येतं : चक्रवाढ(मुद्दल=10000, दर=8, वर्षे=3). मग क्रम कसाही चालतो. तीन किंवा जास्त पॅरामीटर असतील तिथे ही सवय लावून घ्यावी. इथे पायथन निर्विवाद पुढे आहे.

प्रिंट आणि रिटर्न

नवख्यांचं सगळ्यात जास्त अडतं ते इथे, आणि भाषा बदलल्याने ते टळत नाही. उत्तर स्क्रीनवर दिसलं म्हणजे फंक्शनने ते परत दिलं, असं वाटत राहतं. पायथनमध्ये रिटर्न विसरला तर हातात नन (None, म्हणजे 'काहीच नाही') येतं. त्यात काही मिळवायला गेलात की टाइपएरर येऊन प्रोग्राम थांबतो. सीमध्ये इंट फंक्शनला रिटर्न नसेल तर फक्त वॉर्निंग मिळते, तीही पर्याय चालू असेल तर, आणि हाती कचरा किंमत, म्हणजे मेमरीत पडलेला कुठलाही आकडा, लागते. कधी योगायोगाने ती बरोबरही निघते, ते तर आणखी घातक. या एका बाबतीत पायथनची शिस्त जास्त उपयोगी आहे.

पॅरामीटर आत जातो तेव्हा

सीचा खरा फायदा इथे. सीचा नियम एकच : फंक्शनला किंमतीची प्रत मिळते. दोन इंट घेऊन त्यांची अदलाबदल करणारं स्वॅप लिहा. आत अदलाबदल होते, मेनमध्ये परत आल्यावर सगळं होतं तसंच. झेरॉक्सवर खाडाखोड केली तर मूळ कागदावर काही उमटत नाही. मूळ बदलायचं तर पत्ता पाठवायचा, म्हणजे कॉल करताना अँपरसँड (&) आणि पॅरामीटरमध्ये पॉइंटर, म्हणजे पत्ता ठेवणारा व्हेरिएबल. कीबोर्डवरून किंमत घेणाऱ्या स्कॅनएफमध्ये पहिल्या दिवसापासून जो अँपरसँड घोकून लिहिला जातो, त्याचा उलगडाही इथेच होतो : मूळ व्हेरिएबलमध्ये किंमत ठेवायची म्हणून त्याचा पत्ता द्यावा लागतो.

बऱ्याच नोट्समध्ये याला 'कॉल बाय रेफरन्स' म्हटलेलं असतं. तोंडी परीक्षेत तसं विचारलं तर उत्तर द्या, पण मनात स्पष्ट ठेवा की सीमध्ये पत्त्याचीही प्रतच जाते. खरा रेफरन्स पॅरामीटर सी++मध्ये आहे.

अ‍ॅरे (एकाच प्रकारच्या किंमतींची रांग) पास करताना सी फसवते. अ‍ॅरेची प्रत जात नाही, पहिल्या घटकाचा पत्ता जातो. म्हणून आत केलेला बदल बाहेर दिसतो, आणि आत साइझऑफने (बाइट मोजून) इंटच्या अ‍ॅरेची लांबी काढायला गेलात तर ६४ बिट मशीनवर पत्त्याचे ८ बाइट भागिले इंटचे ४, म्हणजे २ येतात. मग अ‍ॅरे दहाचा असो की शंभराचा. लांबी वेगळा पॅरामीटर म्हणून द्यावीच लागते.

पायथनमध्येही कोडं तेच, फक्त झाकलेलं. लिस्ट (पायथनमधली किंमतींची यादी) पास करून आत अपेंड केलं, म्हणजे तिच्या शेवटी काही जोडलं, तर बाहेर दिसतं. आत त्याच नावाला नवी लिस्ट नेमली तर बाहेर काहीच बदलत नाही. कारण आत जातो तो त्याच वस्तूकडे निर्देश करणारा नवा धागा. जुनी वस्तू बदलली तर ती सगळ्यांना बदललेली दिसते; धागा दुसऱ्या वस्तूला बांधला तर जुनी तशीच राहते. सीमधला पॉइंटर हाताळलेल्याला हे पटकन समजतं, न हाताळलेला पाठ करतो. पायथनचा आणखी एक सापळा म्हणजे डीफॉल्ट पॅरामीटर (कॉलमध्ये किंमत दिली नाही तर वापरायची किंमत) म्हणून रिकामी लिस्ट देणं. ती डेफच्या वेळी एकदाच तयार होते, त्यामुळे पहिल्या कॉलमधला माल दुसऱ्या कॉलमध्ये शिल्लक दिसतो. डीफॉल्ट नन ठेवावा आणि आत नवी लिस्ट करावी.

मग कोणी काय घ्यावं

पॉलिटेक्निकच्या कॉम्प्युटर शाखेत असाल तर सी अभ्यासक्रमातच आहे. त्यापासून पळू नका, पण तिच्या आधी दोन आठवडे पायथनमध्ये फक्त फंक्शन लिहा : चक्रवाढ, लीप वर्ष, मूळ संख्या, लिस्टमधली मोठी संख्या, बेरीज आणि सरासरी दोन्ही परत देणारं एक. तीच पाच मग सीमध्ये उतरवा. शेवटच्यात अडाल, कारण सी एकच किंमत परत देते. तिथेच पॉइंटरची गरज आपोआप समोर येते.

सीबीएसईच्या अकरावी-बारावीला पायथन आहे, त्यांनी तीच धरावी. डेटा, ऑटोमेशन, ऑफिसातली कामं यांसाठी शिकणाऱ्यांना सी आधी घेण्याचं कारण नाही. मायक्रोकंट्रोलर, एम्बेडेड किंवा ऑपरेटिंग सिस्टिमकडे जायचं असेल तर सरळ सीपासून सुरुवात करा. पहिला महिना जड जाईल. सहावी-सातवीतल्या मुलांना स्क्रॅच (ठोकळे जोडून कोडिंग) पुरेसं आहे, मात्र त्यातले 'माय ब्लॉक्स', म्हणजे स्वतः बनवलेले ठोकळे, इनपुट घेतात पण किंमत परत देत नाहीत, तेव्हा रिटर्नसाठी पुढे पायथनकडे यावंच लागतं.

साधनं फुकट आहेत. थॉनी या पायथनच्या एडिटरमध्ये डिबग करताना (प्रोग्राम पायरी-पायरीने चालवताना) एफ७ दाबत गेलात की प्रत्येक कॉलची वेगळी खिडकी उघडते आणि त्यातले पॅरामीटर दिसतात. पायथन ट्यूटर या संकेतस्थळावर नावात पायथन असलं तरी सीही चालते. तिथे स्वॅप दोनदा चालवा, एकदा इंट पाठवून आणि एकदा पत्ते पाठवून, आणि बाण कुठून कुठे जातात ते पाहा.